अडतीस नंबरचे लाड

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे सध्या उभ्यानेच घालतो, तू आडवा धरून घे). तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या शेजारणीचा स्वभाव, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे. माझी लेक मजेत आहे, तिच्याबद्दल शेवटी लिहितो. पत्राला उशीर झाला, कारण बरेच दिवस मला कुणाला तोंड दाखवावंसं वाटत नव्हतं. का, ते सांगतो. वाचताना कपाळावर हात मारशील, तेव्हा आधी चष्मा काढून ठेव.

मी आता बंद कारखान्याच्या मागच्या आवारात झाडं राखतो, हे तुला माहीत आहे. का राखतो, तेही. पुर्जे धुतल्यावर उरलेलं रसायन बादलीने शेडमागच्या खड्ड्यात ओतायचं काम बावीस वर्षं माझ्याकडे होतं. (साहेबांनी सांगितलं म्हणून ओतलं हे खरं, पण हात माझे होते.) ते जमिनीत मुरलं, खालच्या पाण्यात गेलं आणि आमच्या गल्लीतल्या सगळ्या विहिरींवर झाकणं बसली. साहेब गेले, मी राहिलो. मग एक इंजिनीअर बाई आल्या आणि त्यांनी तिथे पॉपलरची चाळीस झाडं लावली. यांची मुळं पंधरा फूट खाली जातात, ते घाण पाणी ओढून घेतात आणि जमीन हळूहळू स्वच्छ होते म्हणे. मला त्यांनी एक कागद लिहून दिला: पहिलं वर्ष पाणी द्या, मग नळ बंद. वरून मिळेनासं झालं की मुळं आपसूक खाली शोधायला जातात.

आता तूच सांग, पहिलं वर्ष सरलंय, भर उन्हाळ्यात चाळीस झाडं माना टाकून उभी आहेत आणि नळ हाताशी आहे, तर माणसाने काय करावं? अडतीस नंबर (प्रत्येकाला पत्र्याचा बिल्ला आहे) तर लावलं तेव्हापासूनच किडमिडीत. बाई दर मंगळवारी यायच्या, म्हणून मी बुधवारपासून पाणी घालायला लागलो. अडतीसला रोज एक बादली जास्त. अशी पुढची दोन वर्षं. बाई म्हणायच्या, "काका, काय तरारलीत हो झाडं!" आणि मी नम्रपणे मान खाली घालायचो (नळी नीट लपली आहे ना, ते बघायला).

झाडं तरारली, पण खालचं पाणी काही सुधारेना. नमुना काढायला जमिनीत एक पाइप पुरलाय, त्यातून दर वेळी तीच घाण वर यायची. बाईंनी आधी यंत्राला दोष दिला, मग प्रयोगशाळेला, मग स्वतःला. अगदी रडवेल्या झाल्या होत्या. मी त्यांना चहा करून दिला, पण खरं काही तोंडातून निघेना. शेवटी त्यांनी एका झाडाशेजारी खणायचं ठरवलं आणि चाळिसांतून नेमकं निवडलं अडतीस. सगळी मुळं वरच्या दीड फुटात, एकमेकांच्या पायात पाय घालून बसलेली. खाली जायचं नाव नाही. माती ओलीचिंब. बाईंनी मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "दव पडलं असेल."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काका, तुम्ही त्यांना तहानच लागू दिली नाहीत."

ताई, पुन्हा माझ्याच हातची बादली! मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी मी जेवलो नाही. बाईंनी मला काढून टाकलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. तेव्हापासून पाणी बंद. मी झाडांमधून खाली मान घालून जायचो. (चहाचा पेला मात्र अडतीसच्या बुंध्याशीच विसळायचो. तेवढं चालतं.) तीन झाडं गेली. अडतीसने निम्मी पानं गाळली, पण तगलं. आणि गेल्या मंगळवारी पाइपातलं पाणी चार बोटं खाली गेलेलं होतं, घाणही पहिल्यांदाच कमी भरली. बाईंनी तीन वेळा मोजलं. विहिरींची झाकणं निघायला अजून पुष्कळ वर्षं आहेत, मी तेव्हा असेन की नाही कोण जाणे, पण मुळं खाली पोचलीत.

भाऊजींना नमस्कार. रागावू नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबतच्या पुडक्यात आवारातल्या नळाची पितळी मूठ आहे. मी कितीही कारणं सांगून मागितली तरी पाठवू नकोस.

ता. क. आणखी एक. लेक सोमवारी तुझ्या गावी नोकरीवर रुजू होते. तू लिहिलंस की तिच्यासाठी खोली आवरलीय, डबा तू देणार, ऑफिसात सोडायला भाऊजी जाणार. यातलं काहीही करू नकोस. तिला जागा स्वतः शोधायची आहे. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही मला करायला काही ठेवतच नाही." वाईट वाटलं, पण हे मी आधी कुठेतरी ऐकलंय.

ता. क. शेवटचं. डबा दिलास तरी चालेल. पहिलं वर्ष पाणी द्या, असं बाईंनीच लिहून दिलंय. कागद माझ्याकडे आहे.