काठोकाठ चाळीस खड्डे

मुंबई, ता. ९ मार्च १९५८

चि. मथुरेस गुरुदासदादाचे आशीर्वाद.

कातळावर सुरुंग लावून चाळीस खड्डे तयार झाल्याचे लवू गड्याने कळवले. पुढच्या वर्षी नोकरीतून मोकळा होऊन मी गावी येईन, तेव्हा हापूसची बाग उभी दिसली पाहिजे. खड्डा तीन फूट लांब, तेवढाच रुंद नि खोल, म्हणजे सत्तावीस घनफूट. हाऱ्याची टोपली अर्ध्या घनफुटाची धरली, तर चाळीस खड्ड्यांना दोन हजार एकशे साठ हारे माती. वर अंथरायला सुक्या पानांचा पातेरा दोनशे हारे.

माती खालच्या कुणग्यातली घ्यायची. चार गुंठ्यांतून वरची चार बोटे काढली की भागते. तिथे तू भात करतेस, पण सातबाऱ्यावर नाव माझे आहे. लवूला तसे लिहिले आहे.

प्रकृतीस जपावे.
गुरुदास

मसुरे, ता. २० मार्च १९५८

ती. दादास मथुरेचा शि. सा. न.

नवरा गेल्यावर मी माहेरी आले, तेव्हा बाबांनी चारचौघांत तो कुणगा मला दिला. तू तिथेच बसला होतास. पावसाळ्याचे चार महिने मी त्याच भातावर काढते. तू मागतोस ती चार बोटेच पिकवणारी आहेत, खाली नुसती चिकण.

आणि तुझा हिशेब खुर्चीत बसून केलेला आहे. लवू मला म्हणाला, "बाय, माती बसतली. वर हातभर ढीग करूक होयो." पातेराही आठ दिवसांच्या पावसात चेपून वीतभर उरतो. माती नदीकाठची गाडीने आण. माझ्या ताटात हात घालू नकोस.

नमस्कार वयाला केला आहे, असे समज.
मथुरा

मुंबई, ता. ६ एप्रिल १९५८

चि. मथुरेस आशीर्वाद.

तीस वर्षे आकडेमोड करणाऱ्याला आता लवू शिकवणार! माती जास्त लागेल अशी भीती घालून माझा बेत मोडायचा, हा तुझा कावा मला कळतो. खड्डे काठोकाठ भरायचे, वर एक हाराही नको. तू आमच्या घरात राहतेस, हे ध्यानात असू दे.

उलट टपाली उत्तराची गरज नाही.
गुरुदास

मुंबई, ता. १८ जुलै १९५८

मथुरेस,

लवूचे कार्ड आले. खड्डे फूटभर खचले, त्यांत पाणी तुंबले आणि लावलेली चाळीसही कलमे कुजली. माझा हिशेब चुकणे शक्य नाही. तूच हारे कमी टाकायला लावलेस. पाऊस ओसरला की कुणग्यातून आणखी चार बोटे काढायला मी लवूला सांगतो आहे. पुढच्या वर्षी नवी कलमे मी स्वतः घेऊन येईन.

आशीर्वाद लिहायला हात होत नाही.
गुरुदास

मसुरे, ता. ३० ऑक्टोबर १९५८

ती. दादास मथुरेचा नमस्कार.

हारे मी स्वतः मोजले. दोन हजार एकशे साठ, एकही कमी नाही. तू मला चोर ठरवलेस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

त्या उघड्या पडलेल्या कुणग्यात भाताच्या रोपांचा अर्धा तरवा लावला, तो पिवळा पडून बसला. तुझे जुलैचे पत्र आले त्याच दिवशी उरलेला तरवा डोक्यावर घेऊन मी आणि शेजारची शेवंती कातळावर गेलो. कुजलेली कलमे उपटली आणि चाळीसही खड्ड्यांत भात लावले. माती माझी होती, पाणी तुझ्या हिशेबाने साठवून ठेवले होते. भात छान पोसवले. चार महिन्यांचे नाही, पण दहा-बारा दिवसांचे तांदूळ होतील.

कापणीच्या आधी तलाठी पीकपाहणीला आला. कातळावर भात बघून तो हसायचा थांबेना. मग त्याने कसणाऱ्याचे नाव विचारले. मी माझे सांगितले. लवूनेही तेच सांगितले. त्याने तेच सातबाऱ्यावर लिहून घेतले.

येताना कलमे आणू नकोस. खड्डे रिकामे नाहीत.

लोभ होता तेवढा पुरे.
मथुरा