खुंटीवरची भरमार

मामाजी,

तुमच्या भरमार बंदुकीची केस संपली. मी सुटले. बंदूक सरकारजमा झाली, ती आता घरी येणार नाही. हे तुम्हाला सांगायला घरात दुसरं कोणी उरलं नाही. तुमचा मुलगा जाऊन सहा वर्षं झाली, नात लग्न होऊन नागपूरला गेली. म्हणून मीच, तुमची सून, लिहिते आहे.

दसरा होऊन आठवडा झाला होता आणि निवडणूक लागली होती. सकाळी एक हवालदार हातात यादी घेऊन दारात आले. निवडणुकीआधी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. तुम्हीही दर वेळी सायकलच्या दांड्याला बांधून न्यायचात. हवालदारांनी तुमचं नाव वाचलं.

‘ते त वारले जी. बारा वर्सं झाले.’

‘मंग बंदूक?’

‘हाये न घरात. चाय घेता?’

मी चहा ठेवला आणि बंदूक खुंटीवरून काढून त्यांच्यापुढे नेली. तुम्ही धरायचात तशी, दोन्ही हातांनी, नळी जमिनीकडे करून. दसऱ्याचं हळदकुंकू नळीवर तसंच होतं आणि झेंडूची पाकळी घोड्यात अडकली होती. दर दसऱ्याला विळे, पावशी, नांगराचा फाळ पाटावर मांडायचे आणि मधोमध बंदूक ठेवायची, हे तुमच्या मागेही मी चालू ठेवलं होतं. पूजेआधी जवसाच्या तेलाचा बोळा फिरवून पुसायचीही. हवालदार एकदा बंदुकीकडे बघत, एकदा माझ्याकडे.

‘हे काय करून ठेवलं बाई तुम्ही?’

‘काहून? जमा करायची होती न?’

चहा पिऊन झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. परवाना माणसाच्या नावाचा असतो. माणूस गेला की परवानाही जातो, मग बंदूक ठाण्यात द्यावी लागते. दिली नाही तर ती ज्याच्या घरात सापडेल तो आरोपी. घर माझ्या नावावर आहे. त्यांनी बंदूक पोत्यात गुंडाळली, मोटरसायकलला मागे बांधली, आणि मला दुपारी ठाण्यात यायला सांगितलं. पंचनामा तिथे बसूनच लिहिला. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. गावात आठ दिवस बाया म्हणत होत्या, ‘तुह्याच घरी सापडली का वं तोफ?’ मी हसायची. शिक्षा झाली तर दोन वर्षांपेक्षा कमी होत नाही, हे अजून त्यांना ठाऊक नव्हतं.

मला सरकारकडून वकील मिळाल्या. तिशीतल्या बाई, बोलायला फटकळ, मनाने चांगल्या. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या डब्यातली अंबाडीची भाजी खाल्ली आणि मग कागद उघडले. म्हणाल्या, ‘काकू, मी म्हणणार होते की बंदूक घरात आहे हे तुम्हाला माहीतच नव्हतं. सासऱ्यांनी कुठंतरी ठेवली असेल, मेलेल्या माणसाला काय शिक्षा होते? पण तुम्ही तर तिची पूजा करून ठेवली. आणि वरून तेलपाणी. नागपूरहून तपासणीचा अहवाल आला, बंदूक चालू स्थितीत आहे म्हणतात.’

मी म्हटलं, ‘गंजली असती त बरं झालं असतं का?’

‘लई बरं झालं असतं.’

मग त्यांनी ताबा म्हणजे काय ते सांगितलं. वस्तू नुसती घरात असली म्हणजे ताबा होत नाही, माणसाला तिची जाण असावी लागते. बंदुकीची जाण मला होती, हे पंचनाम्यात कुंकवासकट लिहिलं होतं. आता एवढंच म्हणता येत होतं की ती ठेवणं गुन्हा आहे, हे मला कोणी कळवलं नव्हतं. त्याने गुन्हा पुसला जात नाही, पण न्यायाधीश माणूसच असतो, असं त्या म्हणाल्या. अडचण एका कागदाची होती. तुमच्यानंतर महिन्याभराने ठाण्यातून नोटीस आली होती, बंदूक जमा करा म्हणून, आणि ती घरात दिल्याची नोंद त्यांच्या वहीत होती.

‘शाळा किती झाली तुमची?’ त्यांनी विचारलं.

‘शाळेत नाही गेली.’

‘मग प्रश्न मिटला. शिकलेली नाही, सासरा गेलेला, नवराही आता नाही. नोटिशीत काय होतं तिला कसं कळणार?’ आणि त्यांनी लिहायला घेतलं.

मामाजी, तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी शाळेत गेले नाही हे खरं, पण मी वाचते हे तुमच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं. तुमसरच्या गिरणीतून आलेल्या रिकाम्या पोत्यांवरचे शिक्के बघून बघून मी अक्षरं लावली, मग वाण्याच्या पुडीचे कागद. एक दिवस चुलीपुढे बसून मी पुडीचा कागद वाचते आहे आणि तुम्ही मागे उभे. मी कागद पदराखाली घेतला. तुम्ही रागावलात. ‘लपवतेस कायले? वाचून राहिली त वाच. पन भात करपून राहिला तिकडे.’ पुढच्या बाजाराला अड्याळहून तुम्ही पत्र्याची पेटी आणली, सातबारा, पावत्या, परवान्याचं पुस्तक तिच्यात ठेवलं आणि किल्ली माझ्याकडे दिलीत. तुमच्या मुलाला म्हणालात, ‘आता घरात येईल तो कागद इच्याकडे.’ सोसायटीत पहिल्यांदा नेलंत तेव्हा बाबूने सवयीने शाईचा डबा पुढे सरकवला, आणि तुम्ही तो बोटाने मागे लोटलात. ‘माही सून सही करते जी.’ मला नाव लिहायला इतका वेळ लागला की मागे रांग झाली. तुम्ही कोणाला घाई करू दिली नाही.

ती नोटीस माझ्याच हातात आली होती. मी ती दारातच वाचली, सगळी. तुमचा मुलगा हातपाय धूत होता. त्यांनी विचारलं, ‘काय आलं?’ मी म्हटलं, ‘घरपट्टीचं.’ खरं सांगितलं असतं तर ते दुसऱ्याच दिवशी बंदूक देऊन आले असते, त्यांना कागदाची भीती वाटायची. त्या महिन्यात तुमचं सगळंच घरातून जात होतं. धोतरं वाटली, खाट दिली, सायकल तुमच्या जावयाने नेली. खुंटीवर काही तरी राहू दे, एवढंच माझ्या मनात होतं. पुढे वर्षं गेली, कोणी विचारलं नाही. हवालदार दारात आले तेव्हा वाटलं, उशिरा का होईना, आता दिली म्हणजे झालं.

वकीलबाईंनी कागद पुढे केला आणि त्यांच्या कारकुनाने शाईचा डबा सरकवला. मी अंगठा दिला. शाई नखात तीन दिवस राहिली.

केस दीड वर्ष चालली. दर तारखेला मी दिघोरीहून बस धरायची आणि कोर्टाच्या बाहेर बाकावर बसायची. पिशवीत पुस्तक असायचं, पण काढता येत नव्हतं. शेजारच्या बाया त्यांचे कागद मला दाखवायच्या आणि मग म्हणायच्या, ‘जाऊ दे, तुले तरी काय समजते.’ त्यांच्या तारखा मला वाचता येत होत्या. एकीची तारीख त्या दिवशीची नव्हतीच. मी तिला सांगितलं नाही. ती संध्याकाळपर्यंत बसून राहिली.

शेवटी न्यायाधीशांनी मला पिंजऱ्यात उभं करून स्वतः विचारलं, नोटीस मिळाली होती का, वाचली होती का. मी म्हटलं, ‘मले वाचता येत नाही साहेब.’ तुमची नात मागच्या बाकावर बसली होती. तिला पहिली गोष्ट मीच पुस्तकातून वाचून दाखवली होती. तिने मान खाली घातली.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. नकलेची पानं मी घरी आणून दोनदा वाचली. बंदूक घेतली तिथेच पंचांसमोर सील करायला हवी होती. ती तशीच पोत्यात नेली, म्हणून तपासणीला गेलेली बंदूक माझ्याच घरची हे सिद्ध होत नाही, त्यावर मी सुटले. माझ्या शिकण्या-न शिकण्याबद्दल त्यात एक ओळही नाही. मी खरं बोलले असते तरी त्या पोत्याने मला सोडवलं असतं. की नसतं, तेही सांगता येत नाही. वकीलबाईंचा फोन आला, ‘काकू, नक्कल कोणाकडून तरी वाचून घ्या बरं.’ मी हो म्हटलं.

तुमच्या नातीने नागपूरला परत जाताना विचारलं, ‘आई, असं कसं बोललीस तू?’ मी म्हटलं, ‘घाबरली वं. निघून गेलं तोंडातून.’ तिने मला जवळ घेतलं आणि विषय सोडला. तिला तेच बरं वाटलं, मलाही.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तिच्या हाती लागेल असं ठेवणारही नाही. तुम्हाला मात्र सांगते. मी घाबरले नव्हते. पिंजऱ्यात उभी राहिले त्या दिवशी सकाळी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ते वाक्य मी तीनदा म्हणून पाहिलं होतं, आणि तिसऱ्यांदा ते अगदी खरं वाटलं होतं.