पुढून ओढणारी, मागून ढकलणारी

९ जानेवारी २००६, सोमवार

शालीकरामजींनी आज सरळ सांगून टाकलं. नागपूरला मातीवरची शर्यत आहे, तिथं त्यांच्या राइस मिलच्या नावानं एकच गाडी जाईल. एकच! एक तर त्यांची कॉन्टेसा, ती राजदीप चालवणार. नाहीतर आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची झेन, ती मी चालवणार. "कामठ्याले बैलाच्या पटाच्या मैदानावर ट्रायल लेंगे. जिसका टाइम कम, वो जाएगा. मग भाभी असो का देवर!" एवढं बोलून पान थुंकायला गेले.

राजदीप माझा धाकटा दीर. शालीकरामजींची गाडी चालवतो, दुरुस्तही तोच करतो. पोरगा चांगला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण जायचं मलाच आहे! सात वर्षं झाली, गोंदियातल्या बायकांना क्लच सोडायला शिकवते आहे. हळू, बाई, हळू! एकदा तरी मला कोणी हळू म्हणू नये.

११ जानेवारी

जेवताना पुन्हा तेच. राजदीप म्हणे, "वहिनी, कॉन्टेसाचे मागचे चाकं ढकलतात, पुढच्यायनं फक्त वळाचं. कामाची वाटणी हाये. तुह्या झेनमंदी पुढच्याच चाकायनं ओढाचं अन् त्यायनंच वळाचं. एकट्या सुनेनं सैपाकबी कराव अन् धानाच्या रोवणीलेबी जाव, तसं झालं ते!"

मी म्हटलं, "मग सून करते ना दोन्ही! कोण मेलं?"

सासूबाईंना हसू आलं. पण लगेच तोंड आवरलं आणि म्हणाल्या, "बाईनं गाडी शिकवली, ठीक हाये. शर्यत कायले पायजे वं?" चंद्रशेखर — चारचौघांत नवऱ्याचं नाव घेत नाही, इथं घेते — खाली मान घालून भात कालवत बसला. हो नाही, नाही नाही.

१५ जानेवारी, रविवार

कामठ्याला जाऊन सराव केला. शंकरपटाला बैल पळतात तो सरळ पट्टा, तो संपला की तलावाच्या पाळीजवळ डावीकडं मोठं वळण, मग धान कापलेल्या बांध्यांतून परत. मधले मातीचे धुरे फोडून वाट केली आहे. खाली कोरडी माती, वर पिठासारखी धूळ.

राजदीपची कॉन्टेसा वळणावर आली की मागून घसरते. शेपूट एकीकडं, तोंड दुसरीकडं. पण हा गडी एक्सिलेटरवर पाय दाबूनच ठेवतो अन् तशीच तिरपी तिरपी बाहेर काढतो. दिसायला काय दिसते, बाप्पा! मला म्हणाला, "तू चालवून पाहाय एकडाव. पण ध्यानात ठेव, मागून घसरली का पाय उचलाचा नाही." घसरली, आणि मी उचललाच. गर्रकन फिरली! थांबलो तेव्हा आलो त्याच रस्त्याकडं तोंड.

माझ्या झेनचं उलट आहे. जास्त वेगानं वळणात घातली की स्टिअरिंग फिरवा किती फिरवायचं ते, बाई आपली नाकासमोर सरळ चालली! तेव्हा पाय उचलावा लागतो. उचलला की पुढची चाकं माती धरतात आणि तोंड आत वळतं.

म्हणजे एकीत पाय उचलला तर मेलो, दुसरीत नाही उचलला तर मेलो.

१६ जानेवारी

खांदे धरलेत. चंद्रशेखर अजून बोलत नाही.

१९ जानेवारी

बोलला. बोलत नव्हता तेच बरं होतं.

"राजदीपले जाऊ दे. नागपूरले नाव झालं तर त्याले मोठ्या गॅरेजमंदी काम भेटंल. तुले काय भेटते?"

मला काय भेटतं! असा राग आला, असा राग आला! खरं म्हणजे मलाही सांगता येत नाही. त्या मातीवर गाडी सुटते तेव्हा मला बरं वाटतं, एवढंच. हे काय उत्तर आहे? भाजीत दुप्पट तिखट टाकलं. सगळ्यांनी नाक पुसत गुपचूप खाल्लं.

२२ जानेवारी, रविवार

हरले.

आता नीट लिहिते. सकाळपासून अख्खं गाव लोटलं होतं, जणू पटच भरला! भज्याची कढई, फुगेवाला, सगळं. पट भरवणारे केशोराव, त्यांनीच दोऱ्या बांधल्या, त्यांनीच माणसं उभी केली. आणि उभी कुठं केली? पट्टा संपतो तिथं! पटाला तिथंच उभं राहतात. जोडी सरळ येते, कोण जिंकलं ते तिथंच दिसतं. पण बैल सरळ येतात आणि गाडी तिथं वळते. वळली नाही तर जाणार कुठं? त्यांच्याच अंगावर. हे आत्ता लिहिताना सुचतं आहे. सकाळी कोणाच्या डोक्यात आलं नाही. ना शालीकरामजींच्या, ना राजदीपच्या, ना माझ्या.

आधी मी. पट्टा असा घेतला की शिट्टीसुद्धा ऐकू आली नाही. वळणाला झेन बाहेर बाहेर जायला लागली. पाय उचलला, तोंड आत आलं, निघाले. पण वेग गेला तो गेलाच.

मग राजदीप. सगळी कॉन्टेसा आडवी! शेपटीनं दोरी तोडली. लोक एकमेकांवर पडले, देवकाबाई म्हणून एक म्हातारी आपटली, तिचं ढोपर फुटलं. यानं पाय उचलला नाही. दोन सेकंदांनी मला मागं टाकलं. लोकांनी खांद्यावर घेतला त्याला. देवकाबाईसुद्धा लंगडत टाळ्या वाजवत होती!

"छान काढली रे," म्हटलं. घरी येऊन न्हाणीत रडले. दुःखानं नाही, संतापानं.

२४ जानेवारी

लग्नाची शूटिंग करणारा टेकचंद ट्रायलची सीडी घेऊन आला. सगळे टीव्हीपुढं बसलो.

माझी झेन येते. वळणाच्या तोंडाशी गर्दी. दोरीला लागून एक बाई, कडेवर लेकरू. झेन तिच्याकडंच निघाली आहे... आणि वळते. मग कॉन्टेसा. तिची शेपूट त्याच बाईच्या पुढून जाते. हात लांब केला असता तर लागली असती.

मग सासूबाई म्हणाल्या, "अल्कानं लेकरू पाह्यलं, पाय उचलला. हारली, पण उचलला. तुले दिसलं नाही काऊन रे?"

राजदीपचा चेहरा पांढरा पडला. "नाही दिसलं, माय."

चंद्रशेखरनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर! मी काही बोलले नाही.

२५ जानेवारी

राजदीपनं शालीकरामजींकडं जाऊन नाव मागं घेतलं. दुपारी त्यांचा फोन आला — "भाभी, नागपूर आप जाओ. जिसको आदमी दिखता है, गाडी वही चलाएगा." मी हो म्हटलं. लगेच म्हटलं!

सासूबाई शेजारी सांगत फिरून राहिल्या, "माही सून जाते नागपूरले." संध्याकाळी माझ्यासाठी वडे तळले. दोन खाल्ले, तिसरा उतरेना.

२७ जानेवारी

इथं तरी खोटं नको. लेकरू मलाही दिसलं नव्हतं. बाई नाही, दोरी नाही, कोणीच नाही. गाडी वळत नव्हती म्हणून पाय उचलला, बस. आणि राजदीपनं उचलला असता तर कॉन्टेसा गर्रकन फिरून त्या बाईवरच गेली असती. ती वाचली ती त्यानं पाय दाबून ठेवला म्हणून! त्यालाही हे कळतं, पण लाजेनं त्याची मती गेली आहे. मी एक शब्द बोलले की नागपूर त्याचं.

तो अंगणात माझी झेन धुऊन राहिला आहे.