लांबनाक्याची साक्ष

जिंतूर,
११ जानेवारी १९८०

ती. कडूअक्कास,
चंद्रभानचा जय भीम. मी बरा आहे. तुझं कार्ड पोचलं. दादांच्या खुनाच्या केसची तारीख अठ्ठावीसला आहे आणि डोळ्यानं बघणारं कुणी नाही म्हणून ते लोक सुटतील असं वकील म्हणतो, ते वाचलं. त्यावर पुढं लिहितो.

सध्या तात्यारावांच्या टुरिंग टॉकीजवर आहे. आधी येलदरीला होतो, मासे लय खाल्ले. इथं इंग्रजी पिच्चर लागलाय. लोकांना कळावा म्हणून मी पडद्याशेजारी माईक घेऊन बसतो आणि मराठीत बोलतो. मला तरी कुठं इंग्रजी येतं! तोंड हललं की काहीतरी म्हणायचं.

त्यात एक म्हातारा नट आहे, त्याला लोक लांबनाक्या म्हणतात. खरं नाव एडगर पेलिंग. इथल्या भगवानराव गुरुजींनी जुन्या मासिकातून त्याची हकिकत वाचून सांगितली. लंडनात बावीस वर्षं नाटकात होता, आणि काम काय, तर चहाचा ट्रे आणून ठेवायचा. एक वाक्य नाही. पन्नाशीला सिनेमात आला तेव्हा कुठं बोलायला मिळालं. मी म्हणालो, "गुरुजी, इतकं गप्प राहून माणसाला आवाज राहतो का?" ते म्हणाले, "तू कशाला काळजी करायलास? तुझं तोंड झोपेतबी चालतंय." गुरुजींच्या दारचा शेवगा यंदा लय धरलाय. असो.

पिच्चरमध्ये लांबनाक्या कोर्टात उभा राहतो आणि चार मिनिटं एकटाच बोलतो. तिथं मी रोज नवीन काही लावायचो. कधी बैल चोरला, कधी सासूनं कोंडलं. लोक शिट्ट्या मारायचे.

मंगळवारी तुझं कार्ड आलं. दिवेलागणीच्या खेळाला तो उभा राहिला, त्यानं तोंड उघडलं आणि मी म्हणालो, "नामांतराच्या दंग्यात आमचं घर पेटवलं त्या दिवशी मी पाथरीला नव्हतो. गावातच होतो. कडब्याच्या गंजीमागं. दादा, माझे वडील, आत होते. गावातल्या दिनकररावाच्या थोरल्या पोरानं बाहेरून कडी लावली. मी वीस पावलांवर होतो. ते निघून गेले तरी मी उठलो नाही."

पोलिसांना मी पाथरी सांगितली होती. तुलाही.

मी थांबलो. बायकांच्या बाजूनं एक म्हातारी पडद्याकडं बघून ओरडली, "बोल की रे बाबा, का थांबलास?" मग मी बाकीची दोन नावंही घेतली. तात्यारावांनी माईकची वायर ओढली. "कुठल्या पिच्चरचं बोलायलास रे? माझा तंबू जाळतील!" आता मला गेटवर बसवलंय.

वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. दोन भाकरी खाल्ल्या, झोपलो. दाढ दुखत होती, तेही थांबलं.

वकिलाला सांग, पाथरीचा जबाब खोटा होता. इतके दिवस कुठं होतास असं विचारतील, विचारू दे. सत्तावीसला सकाळच्या एसटीनं परभणीला येतो. मी बोलत असताना समोर बसू नको, अक्का. मागं बस. आणि नंतर माझ्याशी बोलायचं का नाही, ते तुझं तू ठरव.

कडी न काढलेला तुझा भाऊ,
चंद्रभान