कराडची सात पत्रं

१७ जुलै १९७८
वर्ग सुरू झाले. समुपदेशनाची पदविका, एक वर्षाची. बत्तिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर. बाकीच्या पोरी विशी-बाविशीतल्या, मला दीदी म्हणतात. एक आंटी म्हणाली, तिच्याशी आज बोलले नाही. शिकवायला ढिल्लों मॅडम. पांढरे केस, खणखणीत आवाज. पहिल्याच दिवशी वर्षभराचं काम दिलं: ओळखीच्या एका मुलाचं रोज अर्धा तास निरीक्षण करायचं. "जो दिखे वो लिखो. अपने मन का मत लिखो."
घरात मंजू आहेच, पाच वर्षांची. तेव्हा दिसेल ते निरीक्षणवहीत, मनातलं इथं.
मंजू मेमध्ये कराडहून आली. पावणेचार वर्षं जाऊबाईंकडे होती. मला काकू म्हणते.

२१ जुलै
काकूचं मनाला लावून घ्यायचं नाही असं रोज ठरवते. कराडच्या घरात जाऊबाईंची दोन्ही मुलं त्यांना आई म्हणतात आणि मला काकू. ही दीड वर्षाची तिथं राहिली, ऐकलं ते शिकली. तिला कसा दोष देणार?
ठेवली होती तीन महिन्यांसाठी. ह्यांची इथं, पंजाबी मुलखात, लॅबमध्ये बदली, क्वार्टर मिळेना. बदलीवाल्यांकडे सगळीकडे हेच, पोरं गावी आजीकडे नाहीतर काकूकडे. मग क्वार्टर मिळाली तर मला कावीळ. कावीळ गेली तर शाळेत नोकरी लागली. शेवटच्या वर्षी कारण असं नव्हतंच. पगार, मोकळा वेळ, दुपारची झोप, यांची चव लागली होती. निदान या वहीत तरी खरं लिहावं.

२८ जुलै
पुस्तकातला प्रयोग केला. बुटक्या भांड्यातलं ताक तिच्या डोळ्यांदेखत उंच पेल्यात ओतलं. जास्त कशात? "उंचात." या वयाला बरोब्बर असंच उत्तर यायला हवं. मी खूश. वहीत बरोबरची खूण केली.
मग म्हणाली, "आईकडे सगळ्यांना सारख्या वाटीत देतात."

९ ऑगस्ट
बागेत घसरगुंडीवरून पडली. गुडघा चांगलाच फुटला. मी दहा पावलांवर बाकावर. बाकीची मुलं पडली की भोकाड पसरत आईकडे धावतात. ही उठली, नळावर गेली, पाय धुतला, फ्रॉकनं पुसला आणि पुन्हा रांगेत उभी. शेजारच्या बीजी माझ्या बाजूला बसल्या होत्या. म्हणाल्या, "बड़ी सियाणी कुड़ी है जी तुहाडी!"
शहाणी पोर म्हटल्यावर मला अभिमान वाटला. वहीत लिहिलं: स्वावलंबी.

२३ ऑगस्ट
आजचा तास. लहान मूल आईपासून दीर्घकाळ तुटलं तर काय होतं. तीन पायऱ्या. आधी आकांत: रडतं, दाराकडे धावतं. मग हताशा: कोपरा धरतं, खात नाही. मग तिसरी, अलिप्तता: सावरतं, हसतं, सगळ्यांकडे जातं. आई परत आली तरी तिच्याकडे मात्र नाही. पडलं तरी नाही.
ढि. मॅ. म्हणाल्या, "ये तीसरी सीढ़ी सब को अच्छी लगती है. कहते हैं, बच्चा सेट हो गया. सबसे बुरी यही है."
सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलं. खाली रेघसुद्धा मारली. मग रिक्षात बसल्यावर आठवलं.
७४च्या दिवाळीत जाऊबाईंचं पत्र आलं होतं: "मंजू आता अगदी रुळली. तुझी आठवणसुद्धा काढत नाही, तू निर्धास्त राहा." त्या दिवशी मी बर्फी आणली होती. बीजींकडेही पाठवली होती.

२४ ऑगस्ट
ह्यांना सांगितलं. पेपर खाली न घेता म्हणाले, "ती पुस्तकं विलायतेतल्या मुलांची. आम्ही नाही आत्याकडे वाढलो? काय वाईट झालं?"
सासूबाई गेल्या तेव्हा हे रडले नव्हते. किती धीराचे, असं मीच माहेरी कौतुकानं सांगितलं होतं. ते आज उगीच आठवत राहिलं. जेवताना ह्यांच्याकडे बघवेना.

११ सप्टेंबर
मंजूला जाऊबाईंचं पत्र. दर पंधरा-वीस दिवसांनी एक इनलँड येतं, मी वाचून दाखवते. दरवेळी तेच. वाचून झालं की मंजू पलंगाखाली जाऊन बसते, दोन दिवस नीट जेवत नाही. मी कमावलेलं सगळं पाण्यात. परवाच तर तिनं मला वेणी घालू दिली होती.
आजचं पत्र दाखवलं नाही. ट्रंकेत शालूच्या घडीत ठेवलं. जुना धागा सैल झाल्याशिवाय नवा कसा बांधला जाणार? हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. महिनाभर फक्त.

५ ऑक्टोबर
दुसरंही ट्रंकेत.
मंजू फाटकात उभी राहून पोस्टमनला विचारते, "अंकल, कराड?" तो बिचारा माझ्याकडे बघतो. त्याला मी सांगून ठेवलंय की पत्रं माझ्या हातात द्या. मंजूला म्हटलं, आईला कामं असतात गं. तोंडातून 'आईला' आलं. माझ्याच.

१९ ऑक्टोबर
प्रात्यक्षिक. मला शेजारच्या मनीमाजरा गावची केस मिळाली आहे. चार वर्षांची मुलगी, बोलणं थांबवलंय. तिची आई रडत होती, "मैंने तो जो किया, उसके भले के लिए किया." मी अजिबात उपदेश केला नाही. थांबले. तिचंच वाक्य हळूच तिला परत दिलं. बाई मोकळी झाली, कितीतरी वेळ बोलत राहिली. ढि. मॅ. पडद्यामागून ऐकत होत्या. सगळ्यांसमोर शाबासकी दिली.
घरी आले. तिसरं पत्र आलं होतं. ट्रंकेत.
लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. माझ्या आईची आवडती म्हण. ती हयात असती तर आज माझ्याकडे बघून म्हणाली असती.

६ नोव्हेंबर
दिवाळीचं पार्सल उशिरा आलं. चकल्या, कडबोळी आणि मंजूला हातशिलाईचा फ्रॉक, आबोली रंगाचा. आत पत्र. ते काढून घेतलं. फ्रॉक लपवणं जमेना, इतका सुंदर शिवलेला. म्हटलं, सेक्टर सतराच्या बाजारातून आणलाय तुला.
तिनं फ्रॉक नाकाशी धरला. जाऊबाईंच्या कपाटात कापूर असतो, सगळ्या कपड्यांना तोच वास.  मग घडी घालून उशीखाली ठेवला. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगून टाकलं असतं, असं आता लिहितेय. नसतंच सांगितलं.

१४ डिसेंबर
थंडी कडक. मंजू आता पोस्टमनला विचारत नाही. खेळते, हसते, बीजींशी पंजाबी बोलते. माझ्याशी हिंदी. शाळेत कविता म्हणून बक्षीस आणलं, पेन्सिलींची डबी. बीजी म्हणाल्या, "हुण दिल लग गया कुड़ी दा." पलंगाखाली बसणं बंद. जेवण व्यवस्थित.
निरीक्षणवहीत लिहिलं: 'नव्या घरात पूर्ण रुळली.'
लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. 'रुळली.' जाऊबाईंचाच शब्द.
तिसरी पायरी. पुन्हा. पहिल्यांदा झालं तेव्हा मी अडाणी होते. या वेळी वही काढून, रेघा मारून, पाठ करून केलं. तिच्या हिशेबी आता दोन आया तिला टाकून गेल्या. त्यातली एक गेलेलीच नाही, ट्रंकेत आहे.

१५ डिसेंबर
वर्गाला गेले नाही. स्वयंपाक केला, भांडी घासली. मला कुणाचं काही बरं करता येईल हे मी कशावरून ठरवलं?

९ जानेवारी १९७९
ढि. मॅडमना सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपने सोचा, वो उन्हें भूल जाएगी तो आपकी हो जाएगी."
माझंच बोलणं मला परत दिलं. मी त्या मनीमाजऱ्याच्या बाईला दिलं होतं, तसंच. इतका संताप आला! म्हटलं, हे मला शिकवू नका, काय करू ते सांगा.
"चिट्ठियाँ दे दो."
"और फिर?"
"फिर जो होगा, उसके पास बैठना. नोटबुक लेकर नहीं."
निघताना म्हणाल्या, मनीमाजऱ्याची केस काही दिवस दुसरीला देते. मान हलवली. मीही हेच केलं असतं.

१६ जानेवारी
आठवडा झाला. रोज ट्रंक उघडते, रोज बंद करते. ट्रंकेत सहा पत्रं, फ्रॉकनंतरची दोन धरून. आज सातवं आलं, पण ते मला आहे.
जाऊबाई लिहितात: "मंजूचं एकाही पत्राला उत्तर नाही. पूर्वी तू तिच्या रेघोट्या तरी पाठवायचीस. तिला माझा राग आला असेल. येणारच. गाडी सुटताना ती माझा पदर सोडत नव्हती, मी ओढून घेतला. तिला एवढंच सांग की मी तिला टाकली नाही, तिच्या आईकडे दिली. आता मी पत्र पाठवत नाही. तिला तुझी सवय होऊ दे."
म्हणजे मला हवं होतं ते झालं. आता पत्रं येणारच नाहीत. लपवायला काही उरलं नाही.
पदराचं मला माहीत नव्हतं. मी तेव्हा डब्यात सामान लावत होते.

२० जानेवारी
दुपारी मागच्या अंगणात ऊन. मटार सोलायला घेतले. मंजूला सोलायला फार आवडतं. शेजारी बसले आणि सातही पत्रं काढली. म्हटलं, ही तुझ्या आईची. मी लपवली होती.
ती शेंगा सोलत राहिली. मी वाचत गेले. प्रत्येकाची सुरुवात तीच, 'चि. मंजूस आईचे अनेक आशीर्वाद.' सहा वेळा ते माझ्या आवाजात म्हटलं. म्हशीला रेडकू झालंय. दादाचा दात पडला. तुझी पाटी खुंटीवर तशीच आहे, कुणाला हात लावू देत नाही. शेवटी मला आलेलंही वाचलं, पदरासकट.
एकेक पत्र हातात घेऊन तिनं विचारलं, "ये कब आई थी?" मी सांगत गेले. सप्टेंबरात. ऑक्टोबरात. फ्रॉकबरोबर.
"मुझे पता था," फ्रॉकचं ऐकून म्हणाली.
मग मराठीत, "तुम्हाला लपवायला कुणी सांगितलं?"
"कुणी नाही. मीच."
पातेलं लाथाडलं. मटार अंगणभर. मग जी रडायला लागली, ती बीजी भिंतीवरून डोकावल्या. मारलं मला, चावली. हाताला वळ आहेत, आज निरीक्षणवहीत काही लिहिलं नाही. "आई पायजे! आई! आई!" ओरडून ओरडून आवाज बसला. पहिली पायरी, चार वर्षं उशिरा. पुस्तकाप्रमाणे बरं लक्षण म्हणावं लागेल. मला तसं काही वाटलं नाही. 
कुणाला हाक मारत होती ते मला पक्कं ठाऊक आहे. तरी मी ओ दिली. प्रत्येक हाकेला. ती माझ्याकडे बघत नव्हती. उन्हं गेली तेव्हा तिथंच फरशीवर झोपली. उचलून आत नेली. झोपेतही अंग ताठ.

२१ जानेवारी
दिवसभर माझ्याशी अक्षर नाही. ह्यांनी विचारलं, "आता परत कराडला पाठवायची का?" चिडून नाही, खरंच विचारलं.  तिच्यासाठी काय बरं, हे एवढं शिकूनही सांगता येत नाही. पाठवली तर तिसऱ्यांदा तोडली. ठेवली तर माझ्यासाठी ठेवली.
जाऊबाईंना सगळं खरं लिहिलं. पत्रं लपवली तेही. शेवटी लिहिलं, पत्रं बंद करू नका, मी हात जोडते.

२२ जानेवारी
सकाळी पाहिलं तर मंजूनं माझ्या पत्राच्या उरलेल्या जागेत म्हैस काढली होती आणि रेडकू. पाटी, खुंटीसकट. मला दाखवली नाही. टेबलावर तसंच ठेवलं होतं.
दोघी पोस्टात गेलो. तिनं स्वतःहून आबोली फ्रॉक घातला, वर स्वेटर. वाटेत दोन पावलं पुढं. पेटी उंच. एरवी हे उचलतात तिला. म्हटलं, उचलू? मान हलवली, नको. उडी मारून पाहिलं, पोचेना. मग बाजूला पडलेली एक वीट ओढत आणली, तिच्यावर चढली आणि टाचा उंचावल्या.
वीट डुगडुगत होती. मी मागून फ्रॉकचं टोक चिमटीत धरून ठेवलं. पत्र आत पडलं, उतरली, मग सोडलं. तिला कळलं की नाही, माहीत नाही.