रंध्याच्या तोंडाशी तडा

बाबा, आज मी रंधा घ्यायला जुन्या सामानाच्या बाजारात गेले होते. निवृत्तीनंतर मी लाकूडकाम करते, हे तुम्ही असता तर तुम्हाला खरं वाटलं नसतं. नव्या रंध्यानं सागाचे रेषे उचकटत होते, म्हणून तुमच्या वेळचा, जड बिडाचा हवा होता. एक मनासारखा दिसला. तुम्ही शिकवलं तसंच पाहिलं. तळाला पोलादी पट्टी लावून उजेडाकडे धरला, फट कुठेच नाही. पातंही अजून बोटभर शिल्लक. मग तळाच्या ज्या फटीतून पातं बाहेर येतं, त्या तोंडाशी अंगठा फिरवला आणि नख अडलं. केसाएवढा तडा, वर काळं मेण भरलेलं. मी रंधा खाली ठेवला. शेजारी पादरा गावाहून आलेला एक म्हातारा सुतार होता, त्यानं तो लगेच उचलला. "लई जाव काका, आवो माल हवे नथी मळतो," दुकानदार त्याला गुजरातीत म्हणाला, असा माल आता मिळत नाही म्हणून, आणि माझ्याकडे रोखून पाहत राहिला. मला कळलंय, हे त्याला कळलं होतं.

आणि मी मकरपुऱ्याच्या कारखान्यात उभी आहे, अकरा वर्षांची, तुमचा डबा घेऊन. तिथे तुम्ही ओतकामाचे लाकडी साचे करता. तुमचे फोरमन आपला जुना रंधा तुमच्या सोबत्याला विकतायत. तुम्ही तो हातात घेता, तुमचा अंगठा तोंडाशी थांबतो, आणि तुम्ही म्हणता, "चांगला आहे, घे." मी म्हणते, "बाबा, इथे तडा आहे." "तुला कुणी विचारलं?" फोरमन हसले. सोबत्यानं तुमच्या शब्दावर रंधा घेतला. महिन्याभरात तो त्याच जागी फुटला, आणि ते काका पुन्हा कधी आपल्या घरी आले नाहीत.

आज त्या म्हाताऱ्यानं वळून मलाच विचारलं, "बेन, तमे जोयुं ने? बराबर छे?"

"बेनने शुं खबर पडे," बाईला यातलं काय कळतंय, अशा सुरात दुकानदार म्हणाला.

मी गुजरातीत सांगितलं, तोंडाशी तडा आहे, मेण भरलंय, नख लावून बघा. दुकानदारानं रंधा हिसकावून घेतला आणि पुन्हा इकडे फिरकायचं नाही म्हणून मला बजावलं. म्हातारा दुसऱ्या ढिगाकडे वळला. मी रिकाम्या हातानं घरी आले.

हे पत्र आईला वाचून दाखवणार नाही. तिला वाटेल, मी तुमच्यापेक्षा धीट निघाले. पण बाबा, त्या म्हाताऱ्यानं मला हाक मारली, तेव्हा मी पर्स खांद्याला अडकवून चालायला लागले होते.