न विचारता लिहिलेली कविता

प्रिय मेहक,

माझं अक्षर ओळखून पाकीट तसंच फाडून टाकलं नसशील, तर निदान हे पान वाच. फोन करायला हात धजावला नाही. सात वर्षांनी तुझा आवाज ऐकून मी नुसती रडत बसले असते.

मला मुलगी झाली. दिवाळीत व्हायची ती नागपंचमीलाच आली. आज बत्तिसावा दिवस. जन्मली तेव्हा एक हजार ऐंशी ग्रॅम, मग उतरून नऊशे साठ, आज सकाळी तेराशे दहा. हे मी तुला काय सांगते म्हणा! हे ग्रॅम तू माझ्याआधी मोजलेत. तुझा रिजवान जिथे होता तोच कोल्हापुरातला दवाखाना, तोच जिना. बाहेर गणपतीचे ढोल सुरू झालेत आणि त्या आवाजात आतल्या मशीनची टिटटिट ऐकू येणार नाही म्हणून माझा जीव वरखाली होतो. श्वास घ्यायचं विसरते गं ती. सिस्टर तळपायाला टिचकी मारतात, मग आठवतं तिला. काल तीनदा विसरली. टिचकी आणि श्वास यांच्यामधला तो क्षण काय असतो, ते आता कळलं.

तुला तेव्हाच माहीत होतं. रोज संध्याकाळी तू फोनवर हे सगळं सांगायचीस. टिचकी, नळीतून जाणारं तीन मिली दूध, तुझ्या करंगळीएवढा त्याचा पाय. आणि मी, तुझी जिवाभावाची मैत्रीण, इकडे ते वहीत उतरवून घेत होते. आपण कॉलेजात एकमेकींना विचारल्याशिवाय ओळसुद्धा बदलत नव्हतो, आणि ही कविता मात्र मी तुला न विचारता लिहिली, कविसंमेलनात वाचली. रिजवान तेवीस दिवसांचा होता, काचेच्या पेटीत होता, जिवंत होता. माझ्या कवितेत मात्र तो गेला. ‘काचेपल्याड श्वास थकला, पाळणा रिकामा हलत राहिला.’ का गेला? तर मला शेवट उठावदार हवा होता. सभागृहात बायका पदर डोळ्यांना लावत होत्या आणि मी मनातून फुलले होते.

वाचण्याआधी ‘माझ्या मेहकच्या बाळासाठी’ असं मीच म्हटलं होतं. कुणीतरी व्हिडिओ फिरवला. दुसऱ्या दिवशी कुरुंदवाडहून तुझी सासरची माणसं जीप भरून मय्यतीला आली. बाळंतपणाच्या टाक्यांवर हात धरून तू दवाखान्याच्या दारात एकेकाला सांगत होतीस, पोर जिवंत आहे म्हणून. मग मला फोन केलास. ‘माझं लेकरू जित्तं हाय, क्रांती. तुझ्या टाळ्या झाल्या का वाजवून?’ एवढंच. आणि मी माफी मागायची सोडून, कविता ही शेवटी कविता असते, असं काहीतरी पुस्तकी बोलले. लाज वाटते. मागच्या वर्षी महाद्वार रोडला तुम्ही दोघं दिसलात. तो दप्तर पाठीवर टाकून तुझ्या पुढे पळत होता. मी एका दुकानात शिरले, लपले.

परवा शाळेतल्या वर्षाराणी मॅडम भेटायला आल्या. म्हणाल्या, आता तर अनुभवातून लिहाल. पोरीला उचकी लागली तरी मला सण वाटतो, मेहक. काल तिनं एवढीशी जांभई दिली तर मी आणि तिचा बाबा सम्राट वेड्यासारखे हसत सुटलो. पण यातलं एक अक्षर कागदावर घ्यायला मी भिते. तिच्याविषयी लिहायला बसले आणि हात जुन्या सवयीनं शेवटाकडेच गेला तर?

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. डॉक्टर म्हणालेत, सोमवारपासून अंगात झबलं घालायला हरकत नाही. मी बाजारात निघाले तर सासूबाईंनी अडवलं. ‘पयलं नवं घालायचं न्हाय पोरीला. जगल्या-वाढल्या लेकराचं जुनं मागून आण की. तुझ्या त्या मैत्रिणीचं पोरगं असंच हुतं न्हवं? आता शाळंत जातंय. त्याचंच माग.’ त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नाही. तू रिजवानला शिवलंस तेवढं छोटं झबलं दुसऱ्या कुणी शिवलेलंही नाही, तुझ्या अब्बूंच्या मऊ धोतराचं, मुठीत मावेल एवढं. ज्या लेकराला मी टाळ्यांसाठी मारलं, त्याच्याच अंगावरचं कापड माझ्या लेकीसाठी मागतेय. कोणत्या तोंडानं, ते मलाही माहीत नाही. नाही म्हणालीस तर तुझं खरं आहे. पण ठेवलेलं असलं, तर दे.

तुझीच (अजून म्हणू का?)
क्रांती